गाडीचं उत्तर आलं : १ए एफ८

एखाद्या बंद, उभ्या कारमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसा. घरातलं मोठं माणूस शेजारी हवं. आता स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यांच्या जरा वर, वाकून पाहा. तिथे एक काळं प्लॅस्टिकचं सॉकेट दिसेल. वरची बाजू लांब, खालची आखूड, आत दोन ओळींत मिळून १६ घरं. काही गाड्यांत ते उघडंच असतं, काहींत छोट्या झाकणाआड दडलेलं असतं. घरी गाडी येऊन पाच-सात वर्षं झाली तरी हे सॉकेट कुणी पाहिलेलंच नाही, असं सर्रास असतं! गॅरेजवाल्यांना मात्र ते पक्कं ठाऊक असतं. गाडीचं काही बिनसलं की ‘थांबा, स्कॅनर लावून बघतो’ असं ते म्हणतात ना, तो स्कॅनर इथेच लागतो.

या सॉकेटला ओबीडी पोर्ट म्हणतात. गाडी स्वतःच स्वतःला तपासत असते आणि विचारणाऱ्याला निकाल इथून सांगते. १६ घरांपैकी सगळी वापरात नसतात. चौथं आणि पाचवं घर अर्थिंगचं. सहाव्या आणि चौदाव्या घरात दोन बारीक तारा येतात आणि आजच्या गोष्टीतला सगळा संवाद त्या दोन तारांवर चालतो. सोळाव्या घरात थेट बॅटरीची वीज असते, अगदी चावी काढून घेतली तरी. म्हणून तिथे पिन, तार, पेनाचं टोक असलं काहीही घालायचं नाही. पाहायचं ते डोळ्यांनीच.

आता प्रश्न विचारू या. समजा गाडी चालू आहे आणि आपल्याला हवंय की इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय. स्कॅनर त्या दोन तारांवर एवढंच पाठवतो :

०२ ०१ ०सी

पहिला ०२ म्हणजे ‘पुढे कामाचे दोन आकडे येतायत’. ०१ म्हणजे ‘आत्ता काय चाललंय ते सांग’. आणि ०सी म्हणजे ‘इंजिनाचे फेरे’. डोळ्याचं पातं लवण्याआधी उत्तर येतं :

०४ ४१ ०सी १ए एफ८

०४ म्हणजे ‘माझे चार आकडे’. ४१ म्हणजे ‘तू ०१ विचारलंस, हे त्याचंच उत्तर’. प्रश्नाच्या आकड्यात ४० मिळवून उत्तराचा आकडा करायचा, असा नियमच आहे. मग पुन्हा विषय, ०सी. राहिले १ए आणि एफ८. तेच खरं उत्तर. पण आकड्यांत ही अक्षरं कुठून घुसली?

आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या आई-वडिलांच्या काळी रुपयाचे किती आणे असायचे. सोळा! १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे शंभर पैशांचा रुपया सुरू झाला, त्याआधी हिशेब सोळाचा होता. गाडीतला कॉम्प्युटर अजूनही तसाच मोजतो, असं समजा. डावीकडचं चिन्ह रुपयांचं, उजवीकडचं आण्यांचं. फक्त एक अडचण असते. दहा, अकरा, बारा आणे एकाच चिन्हात लिहायचे कसे? म्हणून १० ला ए, ११ ला बी, १२ ला सी, १३ ला डी, १४ ला ई आणि १५ ला एफ. म्हणजे १ए झाले एक रुपया दहा आणे : एकूण २६ आणे. एफ८ झाले पंधरा रुपये आठ आणे : १५ गुणिले १६ अधिक ८, म्हणजे २४८ आणे.

उत्तर मिळालं : २६ आणि २४८. आता सूत्र लावा. पहिल्या आकड्याला २५६ ने गुणायचं, दुसरा त्यात मिळवायचा आणि आलेल्या संख्येला ४ ने भागायचं. २६ गुणिले २५६ म्हणजे ६६५६. त्यात २४८ मिळवले, ६९०४. भागिले ४. उत्तर १७२६. इंजिन मिनिटाला १७२६ फेरे घेतंय!

तापमानाचं सूत्र तर आणखी सोपं आहे. इंजिनाभोवती फिरणाऱ्या कुलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान हवं असेल तर ०सी ऐवजी ०५ विचारायचं. समजा उत्तरात आलं ७बी. सात रुपये अकरा आणे म्हणजे १२३. त्यातून ४० वजा करा : ८३ अंश सेल्सियस. हे ४० का वजा करायचे, ते पाहा. दोन चिन्हांच्या या आकड्यात ० ते २५५ एवढंच बसतं, उणे आकडा त्यात मावतच नाही. पण गाडीला सैबेरियातही चालायचं असतं आणि लडाखमध्येही. म्हणून ठरवून टाकलं की शून्य म्हणजे उणे ४०. मग उणे ४० पासून २१५ अंशांपर्यंत सगळं एका आकड्यात बसलं. (गंमत म्हणजे उणे ४० हे एकच तापमान असं आहे, जे सेल्सियसमध्ये आणि फॅरनहाइटमध्ये सारखंच येतं. करून पाहा.)

वेगाला तर सूत्रच लागत नाही. ०डी विचारलं की थेट ताशी किलोमीटर.

मला या सगळ्यात सर्वांत भारी काय वाटतं, सांगू? ही सूत्रं गुप्त नाहीत. आणि गाडी मारुतीची असो, टाटांची असो की जपानमध्ये बनलेली टोयोटा असो, ०सी म्हणजे इंजिनाचे फेरे आणि ४ नेच भागायचं. एरवी एकमेकींशी चुरस करणाऱ्या कंपन्या या बाबतीत एका सुरात बोलतात. त्यांना तसं बोलायला कुणी लावलं, ती गोष्ट आहेच. पण त्याआधी एक प्रश्न सोडवू. १७२६ हा आकडा गाडीला तरी कळला कसा?

इंजिनाच्या दांड्यावर, म्हणजे क्रँकशाफ्टवर, दातेरी चाक बसवलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत त्याच्यावर ६० दात्यांची जागा आखलेली असते आणि त्यातले दोन दाते मुद्दाम ठेवलेले नसतात. चाकाला अगदी खेटून एक सेन्सर असतो. दाता समोरून गेला की त्याला चुंबकीय बदल जाणवतो : टिक. पुढचा दाता : टिक. अशा ५८ टिक झाल्या की दोन टिकांची रिकामी जागा येते. ती आली की कॉम्प्युटरला कळतं, एक फेरा पुरा झाला आणि इंजिन नेमकं कुठवर फिरलंय.

आता हिशेब करा. मिनिटाला १७२६ फेरे आणि दर फेऱ्याला ६० जागा. मिनिटाचे सेकंद पण ६०! म्हणजे सेकंदाला बरोबर १७२६ जागा सेन्सरसमोरून सरकतात. एका दात्यापासून दुसऱ्या दात्यापर्यंतचा वेळ सेकंदाच्या सतराशेव्या भागापेक्षाही कमी. कॉम्प्युटर तो प्रत्येक वेळ मोजत असतो.

आणि तो निव्वळ मोजून थांबत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन सिलिंडरांत इंधन पेटतं आणि त्या धक्क्यानं दांडा फिरत राहतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही, तर तो धक्का बसत नाही आणि तेवढ्यापुरता दांडा किंचित मंदावतो. आपल्याला फार तर थोडी थरथर जाणवेल. कॉम्प्युटरला मात्र त्या जागेवरचे दाते उशिरा येताना दिसतात. कुठले दाते उशिरा आले यावरून कुठला सिलिंडर चुकला तेही तो सांगतो. मग तो नोंद करतो : पी०३०१. यातला ‘पी’ इंजिन-गिअरच्या गटाचा, आणि शेवटचा १ म्हणजे पहिला सिलिंडर. तिसरा चुकला असता तर पी०३०३. गॅरेजमधले मिस्त्री यालाच ‘गाडी मिसिंग मारतेय’ म्हणतात. पूर्वी ते आवाजावरून आणि हाताला जाणवणाऱ्या थरथरीवरून हे ओळखायचे. ते कसबही थोर आहे आणि आजही लागतंच, कारण पी०३०१ एवढंच सांगतं की पहिला सिलिंडर चुकतोय. प्लग खराब आहे, कॉइल गेलीय की इंजेक्टर तुंबलाय, ते शोधायला माणूसच लागतो.

पण न पेटलेल्या थेंबभर पेट्रोलचा एवढा बाऊ कशाला? इथे आपल्याला अमेरिकेत जावं लागेल, कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिस शहरात.

१९४३ चा जुलै महिना. दुसरं महायुद्ध चालू होतं. एके दिवशी शहरावर असा दाट धुरकट पडदा उतरला की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसे खवखवायला लागले. शत्रूनं विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांना आली! तसं काही नव्हतं. पण पडदा पुन्हापुन्हा येत राहिला आणि तो कशाचा हे कळेना. आधी कारखान्यांवर संशय गेला.

त्याच भागात कॅलटेक या संस्थेत एरी हागेन-स्मिट नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. मूळचे हॉलंडचे, उट्रेख्त गावचे. ते संशोधन कशावर करत होते? अननसाच्या वासावर! पिकलेल्या अननसातून निघणारी वाफ अतिथंड नळीत गोठवायची आणि त्यात कुठकुठले पदार्थ आहेत ते ओळखायचं, असं त्यांचं काम. तीच थंड नळी त्यांनी खिडकीबाहेरच्या हवेला लावली. बरीचशी हवा त्यातून ओढली, तेव्हा तळाशी थोडासा तपकिरी, अतिशय घाणेरड्या वासाचा द्रव जमला. त्याचा अभ्यास करून त्यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिलं की मोटारींच्या धुरातलं अर्धवट जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे वायू यांच्यावर ऊन पडलं की त्यांच्यातून नवेच त्रासदायक पदार्थ तयार होतात. त्यातलाच एक ओझोन. उंच आकाशात तो आपल्याला अतिनील किरणांपासून वाचवतो, पण नाकाशी आला की छातीला इजा करतो. ओझोननं रबराला भेगा पडतात, म्हणून वाकवून ठेवलेल्या रबराच्या पट्टीला चिरा जायला किती वेळ लागतो यावरून हागेन-स्मिट हवेतला ओझोन मोजायचे. इतकं साधं साधन!

मोटारी विकणाऱ्यांना हे अर्थातच आवडलं नाही. पण ते खरं होतं. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियानं हवा राखण्यासाठी मंडळ स्थापन केलं आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले ते हागेन-स्मिटच. गाड्यांना धूर कमी करणारी यंत्रं बसायला लागली. मात्र एक पेच उरला. कारखान्यातून निघताना गाडी स्वच्छ असेल, पण चार वर्षांनी तिचा एखादा सेन्सर मेला आणि ती धूर ओकायला लागली, तर कळणार कुणाला? म्हणून मंडळानं नियम केला : गाडीनं स्वतःवर लक्ष ठेवायचं आणि बिघाड झाला की डॅशबोर्डवर दिवा लावायचा. हा नियम १९८८ च्या गाड्यांपासून लागू झाला.

पण प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, कोड वेगळे. काही गाड्यांत तर सॉकेटची दोन घरं तारेच्या तुकड्यानं जोडायची आणि दिव्याची उघडझाप मोजत बसायचं. दिवा एकदा लागला, थांबला, मग दोनदा लागला : कोड १२. मग पुस्तकात १२ चा अर्थ शोधायचा. म्हणून दुसरा, पक्का नियम आला. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या कारना एकाच आकाराचं सॉकेट, स्टिअरिंगच्या जवळपास, आणि कोडही एकसारखे. युरोपनं पेट्रोल गाड्यांसाठी २००१ मध्ये तसंच केलं. भारतात चारचाकींना याचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागला. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराबाबतचं मानक आलं, तेव्हा स्कूटर-मोटरसायकलींवरही ही जबाबदारी आली. घरच्या नव्या स्कूटरची चावी फिरवली की इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी सुरू झाली की विझतो. आज नक्की बघा. ‘मी जागा आहे, सगळं ठीक आहे’ एवढं सांगून तो जातो. विझला नाही, तर गॅरेज गाठायचं.

तर या कंपन्या एका सुरात बोलतात त्या लॉस एंजेलिसच्या हवेमुळे. आणि धुरासाठी उघडलेल्या या खिडकीतून पुढे काय काय दिसायला लागलं, ते पाहण्यासारखं आहे.

आधी त्या दोन तारांपाशी जाऊ. आजच्या मोटारीत एक कॉम्प्युटर नसतो, कित्येक असतात. इंजिनाचा एक, ब्रेकचा एक, एअरबॅगचा एक, दारं-काचांचा एक. महागड्या गाड्यांत ते शंभराच्या घरात जातात. प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडायला वेगळी तार टाकली तर गाडीत तारांचंच ओझं होईल. जर्मनीतल्या बॉश कंपनीच्या इंजिनिअरांनी १९८३ मध्ये यावर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटला आपला उपाय जगासमोर मांडला. त्याचं नाव कॅन. एकमेकींना पीळ घातलेल्या दोनच तारा, आणि सगळे कॉम्प्युटर त्यांच्यावर.

शांतता असली की दोन्ही तारांवर सारखेच, अडीच व्होल्ट. कुणाला ‘०’ म्हणायचं असलं की तो एका तारेवर साडेतीन आणि दुसरीवर दीड व्होल्ट करतो. ‘१’ म्हणायचं असलं की काहीच करत नाही. ऐकणारे फक्त दोन तारांमधला फरक बघतात. शेजारच्या ठिणगीच्या प्लगमुळे विजेचा झटका आला तरी पीळ घातलेल्या दोन्ही तारांना तो सारखाच बसतो. फरक तसाच राहतो आणि निरोप बिघडत नाही.

पण दोन कॉम्प्युटर एकाच क्षणी बोलायला लागले तर? इथे कॅनची करामत बघा. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला त्याचा क्रमांक असतो. समजा ब्रेकचा निरोप ००११ आणि एसीचा ०११० (खरे क्रमांक यापेक्षा लांब असतात). दोघांनी एकदम सुरुवात केली. पहिला आकडा दोघांचाही ०, काही बिघडलं नाही. दुसऱ्या वेळी ब्रेक म्हणतो ०, एसी म्हणतो १. ‘१’ म्हणजे गप्प राहणं, त्यामुळे तारेवर दिसतो तो ०. एसी बोलता बोलता तारेकडेही बघत असतो. आपण १ म्हटलं आणि दिसतोय ०, म्हणजे आपल्यापेक्षा महत्त्वाचं कुणीतरी बोलतंय! तो तिथेच थांबतो. ब्रेकला तर कळतही नाही की कुणी मध्ये आलं होतं. त्याचा निरोप एकही आकडा न गमावता पुरा होतो, आणि मग एसी पुन्हा प्रयत्न करतो. वर्गात मॉनिटर लागतो तसा इथे कुणीही लागत नाही. ज्याचा क्रमांक लहान त्याची पाळी आधी, बस्स. कारमध्ये ओबीडीच्या तारांवर सहसा सेकंदाला पाच लाख असे ०-१ धावत असतात.

ट्रक आणि बसची तऱ्हा जराशी वेगळी. तिथेही कॅनच असतं, पण त्यावरची बोली बहुधा जे१९३९ नावाची असते. तिच्यात बरेचसे आकडे विचारावे लागत नाहीत, इंजिन आपणहून जाहीर करत राहतं. कुलंटचं तापमान सेकंदाला एकदा. डिझेल किती, ऑइलचा दाब किती, गाडी आजवर किती चालली, सगळं. (तापमानातून ४० वजा करण्याची युक्ती इथेही आहे.) ज्याला हवं त्यानं कान लावावा.

आता ज्याचे पन्नास ट्रक आहेत, त्याच्या नजरेनं विचार करा. एक गुजरातेत, तीन कर्नाटकात, दोन न्हावाशेवा बंदराच्या रांगेत. त्याला घरबसल्या कळायला हवं की कुठली गाडी कुठे आहे आणि तिची तब्येत कशी आहे. म्हणून गाडीत तळहाताएवढी एक डबी बसवतात. तिच्यात जीपीएस असतं, मोबाइलसारखं सिमकार्ड असतं आणि काही डब्यांना कॅनच्या तारांवर लावलेले कानही असतात. जीपीएस सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या निदान चार उपग्रहांकडून येणारे संकेत पकडून जागा ठरवतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताणच्या बोगद्यात गाडी शिरली की आकाश नाहीसं होतं आणि जीपीएस गोंधळतं. तेव्हाही चाकांचा सेन्सर दाते मोजतच असतो, त्यामुळे वेग आणि अंतर कळत राहतं.

समजा माल भरलेला एक ट्रक न्हावाशेवाहून नाशिककडे निघालाय आणि कसारा घाट चढतोय. दुपारचं ऊन, दुसरा गिअर. डबीतून ऑफिसच्या पडद्यावर आकडे येतायत : ८८ अंश, ९१, ९६, १०१. कुलंट दाबाखाली असल्यामुळे शंभरला लगेच उकळत नाही, पण आकडा चढतोच आहे, हे लक्षण बरं नाही. ऑफिसमधून फोन जातो. चालत्या गाडीत ड्रायव्हरनं फोन घ्यायचा नसतो, म्हणून शेजारी बसलेला क्लीनर तो घेतो. ‘दादांना सांग, जागा मिळाली की गाडी बाजूला घ्या. गरम झालीय. आणि थंड होईपर्यंत रेडिएटरचं झाकण उघडू नका.’ गाडी घाटात बंद पडून मागे दोन किलोमीटरची रांग लागण्याआधीच हे घडतं.

घाटात मोबाइलची रेंज नसली तर? आपल्याकडे प्रवासी गाड्यांतल्या अशा डब्या कशा असाव्यात याचं मानक आहे, एआयएस-१४०. ते प्रसिद्ध केलंय पुण्यात वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं. १ जानेवारी २०१९ पासून नव्यानं नोंदलेल्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना अशी डबी आणि संकटकाळी दाबायचं बटण सक्तीचं झालं. त्या मानकाप्रमाणे डबीच्या आत ४०,००० नोंदी साठवायची सोय लागते. दर १० सेकंदांनी एक नोंद धरली तर साडेचार दिवसांहून जास्त! रेंज आली की साठलेलं सगळं पाठवून दिलं जातं. डबीची स्वतःची छोटी बॅटरीही असते, त्यामुळे कुणी मुख्य वायर काढली तर ‘माझी वायर काढली’ हे सांगायलाही ती शिल्लक असते.

मला यातली एक करामत फारच आवडते. गाडीला सेल्फ मारला की क्षणभर बॅटरीचा व्होल्टेज खाली जातो, कारण स्टार्टर खूप वीज ओढतो. डबी तो सर्वांत खालचा आकडा रोज टिपून ठेवते. बॅटरी म्हातारी होत चालली की ही घसरण दिवसेंदिवस खोल होत जाते. ड्रायव्हरला काहीच जाणवत नसतं, गाडी रोज सुरू होत असते. पण आकड्यांची ओळ बघणाऱ्याला आधीच कळतं की ही बॅटरी आता फार दिवस टिकणार नाही. मग पहाटे तीन वाजता एखाद्या सुनसान ढाब्यावर ‘सेल्फ घेत नाही’ म्हणायची पाळी येत नाही.

ऐकणं आणि बोलणं यातला फरक मात्र फार महत्त्वाचा आहे. तारांवर कान लावणारी डबी कधीकधी बोलूही शकते, कारण प्रश्न विचारायचा म्हणजे तारेवर बोलावंच लागतं. आणि कॅन जुन्या काळात घडलं, बाहेरचं कुणी या तारांवर येईल असं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. निरोप कुणी पाठवला हे ते तपासतच नाही. २०१५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी ओबीडी पोर्टला लावलेल्या अशाच एका डबीला लांबून एसएमएस पाठवले आणि कॉर्व्हेट गाडीचे वायपर चालू करून दाखवले. कमी वेगात असताना ब्रेकवरही ताबा मिळवून दाखवला! त्यांनी ते मुद्दाम, जपून केलं आणि दोष दाखवून दिला, म्हणून तो दुरुस्त करता आला. आता अनेक नव्या गाड्यांत पोर्ट आणि आतल्या तारा यांच्यामध्ये एक पहारेकरी कॉम्प्युटर असतो. प्रश्न आत जाऊ देतो, हुकूम अडवतो.

ट्रक बनवणाऱ्या मोठ्या युरोपीय कंपन्यांनी, म्हणजे डेमलर, मॅन, स्कॅनिया, व्होल्वो, डॅफ आणि इव्हेको यांनी, २००२ मध्ये ठरवून अशा डब्यांसाठी एक वेगळी वाट ठेवली. ठरलेले आकडे तेवढे तिथून बाहेर मिळतात, गाडीच्या मुख्य तारांना हात लावावा लागत नाही. आणखी एक नामी साधन आहे : चिमटा. तार न कापता, तिचं प्लॅस्टिक न सोलता, नुसता वरून पकडायचा. तारेतला व्होल्टेज बदलला की भोवतीचं विद्युतक्षेत्र बदलतं आणि चिमटा तेवढ्यावरून निरोप वाचतो. त्याला बोलताच येत नाही. माझं मत विचाराल तर, नुसतं ऐकून काम भागत असेल तिथे ऐकणारंच साधन लावावं.

आणि एक गोष्ट मला ठासून सांगायचीय. या डब्या ड्रायव्हरची ‘परीक्षा’ही घेतात. एकदम ब्रेक मारला की नोंद होते, जोरात वळण घेतलं की नोंद होते. पण गाडीपुढे वासरू धावत आलं म्हणून ज्यानं करकचून ब्रेक मारला, त्या ड्रायव्हरनं तर एक जीव वाचवला. डबीच्या नोंदीत वासरू नसतं. म्हणून ऑफिसमध्ये बसणाऱ्यानं आकडा पाहून लगेच रागवायचं नाही, आधी दादांना विचारायचं की काय झालं होतं. आपण दिवसभर कुठे होतो, किती वेळ थांबलो, हे जर कुणी बघत असेल, तर ते कोण बघतंय आणि कशासाठी, हे त्या ड्रायव्हरला माहीत असायलाच हवं.

विजेवरच्या गाड्यांना धूरच नाही, मग तिथे काय? एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली होती. १ जून २०२२ ला त्याच मार्गावर एसटीची ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू झाली. अशा बसमध्ये इंजिनाचे फेरे नाहीत की मिसिंग नाही. पण बॅटरीच्या आत अनेक छोटे सेल असतात, आणि त्यांचा व्होल्टेज किती, कुठला भाग किती तापलाय हे सतत मोजावं लागतं. तारा पुन्हा कॅनच्याच! फक्त हे आकडे कसे वाचायचे, ते सगळ्या कंपन्यांनी अजून एकसारखं आणि सर्वांसाठी खुलं केलेलं नाही. मला वाटतं, ते व्हायला हवं.

आता तुमची पाळी. एका गाडीला लागोपाठ तीन प्रश्न विचारले आणि ही तीन उत्तरं आली :

०४ ४१ ०सी ०सी ८०
०३ ४१ ०डी ००
०३ ४१ ०५ ५ए

पहिलं इंजिनाच्या फेऱ्यांचं, दुसरं वेगाचं, तिसरं कुलंटच्या तापमानाचं. पहिल्या ओळीत ०सी दोनदा आलाय, त्यातला एक विषय आहे आणि दुसरा उत्तराचा भाग, तेवढं सांभाळा. वहीत आकडेमोड करा आणि सांगा : गाडी चालतेय की उभी आहे? इंजिन चालू आहे की बंद? आणि गाडी आत्ताच सुरू केलीय की बराच वेळ चालून आलीय?